बांधकामाचे वर्ष

बँकेच्या फॉर्मात रकाना एकच: बांधकामाचे वर्ष.
मी मानवतच्या जुन्या मोंढ्यात,
मन्मथअप्पा मिटकरींच्या दुकानापुढं
टेपचं टोक धरून उभा.
समोरचं घर एका वर्षात मावायला तयार नाही.

जोतं काळ्या दगडाचं. त्यावर चपट्या विटा, दोन बोटं जाड,
चुन्यात अशा दाट बसवलेल्या की नख शिरत नाही.
कमरेच्या वर वीट बदलते,
जाड होते, फिकट होते,
चुना जातो आणि माती येते.
"हितं पैसा सरला," खाजामिस्त्री म्हणतात.
मग जरा थांबून, "न्हाईतर मालक."

वर माडी होती.
किल्लारीच्या त्या पहाटेनंतर उतरवली.
भिंत हलली नव्हती, माणसं हलली होती.
माळवदाची पांढरी माती आठ दिवस गाढवांवर जात होती,
मग स्लॅब पडला.
किलचनाच्या फळ्यांची मांडणी झाली,
तिच्यावर आता पीव्हीसीचे एल्बो, नळाच्या तोट्या.
सागवानी खांब गल्ल्यामागं उभा आहे,
कमळाच्या पाकळीत खिळा,
खिळ्याला उधारीची बिलं.
दर्शनी बाजूला निळा चकचकीत पत्रा, कंपनीनं फुकट लावलेला.

बाहेरून सव्वाएक्केचाळीस फूट.
आतून, खोल्या अधिक भिंती, अडतीस.
तीनदा मोजलं.
सव्वातीन फूट घर गायब.

"बळद असंल," खाजामिस्त्री म्हणाले.
अप्पांनी काही न बोलता शटर अर्धं खाली ओढलं.
बळदात ज्वारीच असते हे त्यांनाही ठाऊक,
पण माणूस शटर ओढतोच.

रंगाचे डबे सरकवले. छिन्नी लागली.
पाचवी का सहावी वीट निघाली, तिच्यावर कुत्र्याचं पाऊल,
ओली असताना उमटलेलं, चार बोटं आणि गादी.
कुठल्या तरी भट्टीवरून तो घाईत गेला होता.

बळद नव्हतं. चौकट होती.
दाराची चौकट, पल्याड अत्तारांच्या घरात उघडणारी,
आणि तिच्यामागं हातभर अंधार सोडून
दुसरी भिंत, तिकडून बांधलेली.
खाजामिस्त्रींनी बॅटरी मारली.
दोन्ही भिंतींचा गारा फटीतून आत ओघळून वाळलेला,
कुणीच आतून हात फिरवला नव्हता.
"आधी कुणी बांधली?" अप्पांनी विचारलं.
"मागून बांधणाऱ्याला बी म्हाईत नसंल."

मग त्यांनी चौकटीवर बोटं फिरवली,
वरून खाली, दोन्ही बाजूंनी.
"अप्पा, कडी न्हाई."
निघालेली नव्हे. कधी बसवलेलीच नाही.
कोयंड्याला भोक नाही, अडसराला खाच नाही.

अत्तार कधीचे नांदेडला.
तिकडं आता क्लास चालतो.
भिंतीच्या पलीकडून पोरं एका सुरात
न्यूटनचा दुसरा नियम म्हणत होती,
आणि एक पोरगं दरवेळी अर्धा शब्द मागं.
आम्ही तिघं ऐकत राहिलो, काय ऐकतोय ते न कळून.

"यानं व्हॅल्यू वाढंल का?"
म्हटलं, अप्पा, उलट प्रश्न येईल.
सव्वातीन फूट कुणाचे, म्हणून.
"मग भरून घ्या."
खाजामिस्त्रींनी गारा कालवला.
शेवटची वीट हातात घेऊन अप्पांकडं बघितलं,
अप्पा बिलं चाळत होते.
पाऊल त्यांनी दुकानाच्या बाजूला ठेवलं,
गिलावा न करता. आता पुढं पांढऱ्या ऑइलपेंटचे डबे आहेत.

नकाशात मी तिथं दोन तुटक रेघा काढल्या.
वर्षाच्या रकान्यात लिहिलं, 'चालू आहे'.
फाईल परत आली. लाल शेरा:
बांधकाम अपूर्ण असल्यास पूर्णत्वाचा दाखला जोडावा.